‘नंबर नाही’ म्हटल्यावर

माझ्याकडे मोबाइल नाही. पूर्वी होता. कामाच्या मध्येच वाजणारी वस्तू नकोशी झाली, म्हणून भाचीला देऊन टाकला आणि पुन्हा घेतला नाही. यामागे तत्त्वबित्त्व काही नाही, कुणाला घेऊ नका असंही मी सांगत नाही. साताऱ्यात घरी फायबरचं इंटरनेट आहे, त्याच जोडणीवर लँडलाइनचा फोन चालतो आणि टेबलावर एक जुना डेस्कटॉप आहे. तांत्रिक पुस्तिकांची भाषांतरं करते, मुद्रितं तपासते. दिवसाचे आठ-नऊ तास ऑनलाइनच जातात. मला इंटरनेट येत नाही अशातला भाग नाही. मला फक्त एसएमएस येत नाही.

आणि एवढ्यावरून माणूस किती ठिकाणी अडू शकतो, हे अडल्याशिवाय कळत नाही.

लँडलाइनचा नंबरही खरं तर दहा आकडीच असतो. साताऱ्याचा एसटीडी कोड ०२१६२. त्यातलं शून्य सोडलं की उरतात चार आकडे, पुढे घरचा सहा आकडी नंबर. झाले दहा. पण अर्जाला ते चालत नाहीत. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात आणि अर्ज तयार करणाऱ्याने पहिला आकडा तपासायची अट घालून ठेवलेली असते. माझा २ ने सुरू होतो. रकान्याची कड लाल होते, खाली ‘वैध मोबाइल क्रमांक टाका’ असं येतं आणि ‘पुढे जा’चं बटण राखाडीच राहतं. रकान्याशेजारी लाल चांदणी नसेल तर माझा दिवस चांगला जाणार, असं मी आताशा मानते.

सगळ्यात आधी अडलं ते ईमेलवर. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क बदलली, सगळं नव्याने घातलं, आणि वर्षानुवर्षं वापरलेल्या ईमेल सेवेला मी अनोळखी वाटायला लागले. पासवर्ड बरोबर. तरी ‘हे तुम्हीच आहात ना, याची खात्री करायची आहे, फोन नंबर द्या’. नंबर द्यायचा म्हणजे कोणाचाही? या खात्याशी माझा कुठलाच नंबर कधी जोडलेला नव्हता. मग शेजारच्या काकूंचा नंबर दिला तर त्यातून मी मीच आहे हे कसं सिद्ध होणार? पण यंत्राला ते चाललं असतं. तेव्हाच लक्षात आलं की हे माणूस ओळखणं नाही. एखादं सिमकार्ड कुठेतरी चालू आहे, एवढीच खात्री यांना हवी आहे.

सुदैवाने फार पूर्वी एका दुसऱ्या सेवेचा पत्ता ‘पर्यायी ईमेल’ म्हणून देऊन ठेवलेला होता. तपासणीच्या पानावर अगदी तळाशी, बारीक अक्षरात, ‘दुसरा मार्ग वापरा’ असं असतं. त्यावर टिचकी मारली की तो पर्याय निघतो. कोड तिकडे आला, दार उघडलं. आत गेल्यावर मी पहिलं काम केलं ते सुरक्षेच्या सगळ्या सेटिंग्ज वाचण्याचं. जाहिरातीसारखी वरवर नाही, मुद्रितं वाचते तशी, ओळ न् ओळ.

काही सेवांमध्ये एसएमएसऐवजी ‘कॉल करा’ असा पर्याय असतो आणि तो लँडलाइनवरही चालतो. ऐकायला सोयीचं वाटतं. आमच्याकडे फोन आहे बाहेरच्या खोलीत, संगणक आतल्या. बटण दाबून मी बाहेर पोचेपर्यंत आईने फोन उचललेला असतो. उचलल्याबरोबर पलीकडून ध्वनिमुद्रित बाई इंग्रजीत आकडे सांगायला लागते. आई दोनदा ‘हॅलो, कोण बोलतंय?’ म्हणते आणि ठेवून देते. ‘कोणी तरी बाई होती, पाढे म्हणत होती.’ मग मी फोनजवळच्या कॅलेंडरला पेन्सिल बांधली आणि आईला सांगितलं, अशी बाई आली की काही बोलायचं नाही, आकडे लिहून घ्यायचे. तिने एकदा लिहून घेतले. मराठीत. बरोबर होते.

पण खरी सुटका झाली ती वेगळ्याच गोष्टीने. एसएमएसने येणारा कोड आणि ‘ऑथेंटिकेटर ॲप’चा कोड हे दोन्ही सहा आकडीच असल्यामुळे लोकांना एकच वाटतात. प्रत्यक्षात दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एसएमएसचा कोड पलीकडे तयार होतो आणि मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून आपल्याकडे येतो. दुसरा कोड कुठूनच येत नाही. तो आपल्याचकडे तयार होतो. सुरुवातीला एकदाच सेवा आपल्याला एक गुप्त किल्ली देते. तीच किल्ली तिच्याकडेही असते. १ जानेवारी १९७० पासून आत्तापर्यंत तीस-तीस सेकंदांचे किती तुकडे उलटले, तो आकडा आणि ही किल्ली यांचं एक ठरलेलं गणित करायचं, की सहा आकडे हाती येतात. दोन घरांत एकच पंचांग असलं की आज तिथी कोणती हे एकमेकांना कळवावं लागत नाही, तसंच हे. ही पद्धत २०११ सालापासून खुल्या मानकाच्या रूपात जाहीर आहे, आरएफसी ६२३८ या नावाने. कोणीही तिचा प्रोग्राम लिहू शकतं. त्याला सिमकार्ड लागत नाही, नेटवर्क लागत नाही, आणि मुख्य म्हणजे फोनही लागत नाही.

सेवा मात्र असं भासवतात की फोनशिवाय गत्यंतर नाही. पडद्यावर क्यूआर कोडाचा चौकोन येतो आणि ‘फोनने स्कॅन करा’ म्हणतात. त्याच्याखाली ‘स्कॅन करता येत नाही?’ अशी एक ओळ असते. तिच्यावर गेलं की तीच किल्ली अक्षरांत दिसते, इंग्रजी अक्षरं आणि २ ते ७ मधले आकडे, बहुधा चार-चारच्या गटांत. मी ती किल्ली संगणकावरच्या कीपासएक्ससी या पासवर्ड ठेवायच्या मोफत प्रोग्राममध्ये घातली. त्या खात्याच्या नोंदीवर उजवी टिचकी, टीओटीपी (वेळेवरून निघणाऱ्या या कोडाचं नाव), किल्ली चिकटवा, ठीक. त्यानंतर नोंद निवडून कंट्रोल आणि टी दाबलं की चालू कोड उचलला जातो, लॉगिनच्या पानावर चिकटवायचा. झालं. पहिल्यांदा तो कोड चालला तेव्हा मी खुर्चीतून उठून आईला सांगून आले. तिला काय झालं ते कळलं नाही, पण बरं वाटलं.

जाणकार म्हणतील, पासवर्ड आणि कोड एकाच संगणकावर ठेवले तर दुसऱ्या कुलपाचा उपयोग काय? म्हणणं बरोबर आहे. म्हणून माझ्या दोन वेगळ्या फायली आहेत, दोन्हींचे पासवर्ड वेगळे, आणि कोडांची फाइल उघडायला लागणारी किल्लीची फाइल एका पेनड्राइव्हवर असते. काम झालं की पेनड्राइव्ह काढून ठेवायचा. ज्यांच्या फोनवर बँकेचं ॲपही असतं आणि त्याच फोनवर ओटीपीही येतो, त्यांच्यापेक्षा माझी तऱ्हा वाईट नाही, एवढं मी नक्की म्हणेन.

एकदा मात्र सगळेच कोड एकाएकी नाकारले जायला लागले. ईमेल, फायली ठेवायची जागा, काम देणाऱ्या संस्थेचं पोर्टल, सगळीकडे ‘चुकीचा कोड’. कोणी खात्यात शिरलं की काय, म्हणून पोटात गोळा आला. मग नजर गेली पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे आणि तिथून भिंतीवरच्या घड्याळाकडे. संगणक सात मिनिटं मागे. संगणक बंद असताना त्यातलं घड्याळ चालू ठेवणारी एक नाण्याएवढी बॅटरी मदरबोर्डवर असते, सीआर२०३२ नावाची. ती मरायला टेकली होती, त्यामुळे रात्री घड्याळ रेंगाळायचं. कोडाच्या पद्धतीत एखाद्या तीस सेकंदांच्या तुकड्याचं मागेपुढे चालवून घेतात, सात मिनिटं कोण चालवून घेणार? राजवाड्याजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून बॅटरी आणली. दुकानदाराने बिलासाठी मोबाइल नंबर विचारला. मी बिल नको म्हटलं.

याच काळात छापील बॅकअप कोडही काढून ठेवले. बऱ्याच सेवा आठ-दहा कोडांची यादी देतात, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ती छापून एलआयसीच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवली आहे, कारण आमच्या घरात त्या फाइलला कोणी विनाकारण हात लावत नाही.

बँकेची गोष्ट निराळी. तिथे तंत्रज्ञानाचा प्रश्नच नसतो, तिथे काउंटर असतो.

केवायसीचे कागद नव्याने द्यायचे होते. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, भराभर टाइप करत होता.

‘मॅडम, मोबाइल नंबर?’

‘नाहीये.’

‘म्हणजे आत्ता जवळ नाहीये?’

‘नाहीच आहे.’

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ‘मग मिस्टरांचा द्या.’

‘मिस्टर नाहीत.’

‘मुलाचा? भावाचा? अहो, कोणाचाही द्या, सिस्टीम पुढेच जात नाही.’

त्याच्या डोक्यामागे भिंतीवर मोठं पोस्टर होतं: आपला ओटीपी कोणालाही सांगू नका, बँकेच्या कर्मचाऱ्यालाही नाही. मी बोटाने दाखवलं. म्हटलं, कोणाचाही नंबर दिला तर ओटीपी त्यालाच जाणार, मग मला सांगायला नको का त्याने? मुलगा हसला. मागच्या रांगेतले गृहस्थ हसले नाहीत, त्यांना उशीर होत होता. शेवटी प्रकरण साहेबांकडे गेलं.

साहेब शांत होते. त्यांनी सांगितलं ते मी नंतर घरी येऊन स्वतः वाचलं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं एक परिपत्रक आहे, ग्राहकाच्या खात्यातून फसवणुकीने पैसे गेले तर जबाबदारी कोणाची, याबद्दलचं. ग्राहकाच्या फार बाजूचं आहे: ग्राहकाची चूक नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर भुर्दंड नाही. पण त्यातच असंही म्हटलंय की जो ग्राहक मोबाइल नंबर देत नाही, त्याला बँकांनी एटीएममधून रोख काढण्यापलीकडे इलेक्ट्रॉनिक व्यवहारांची सोय देऊ नये. म्हणजे काउंटरवरचा मुलगा उगाच अडवत नव्हता. व्यवहार झाल्याबरोबर ग्राहकाला कळलं पाहिजे, हा विचार ठीकच आहे. पण कळवायला ईमेलही आहे की! परिपत्रकातही ईमेलचा उल्लेख आहे, पण मोबाइलच्या पाठोपाठ, ‘असल्यास’ या अर्थाने.

तर माझं खातं असं ठरलं: कार्ड फक्त एटीएमपुरतं, नेटबँकिंग फक्त पाहण्यापुरतं. शिल्लक दिसते, उतारा काढता येतो, पैसे हलवता येत नाहीत. लॉगिनचा कोड ईमेलवर येतो. खरं सांगायचं तर या ‘फक्त पाहण्या’च्या खात्याने मला निर्धास्त झोप लागते. कोणी पासवर्ड चोरला तर फार तर माझी गरिबी पाहील.

पैसे हलवायचे असतात तेव्हा चेक, नाहीतर शाखेत जाऊन एनईएफटीची स्लिप. चेक म्हटलं की भाचा हसायचा. पण ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर चालू राहणाऱ्या पद्धतीने वटवले जातात, सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी पास होऊ शकतो. मागे पडलेली वस्तू मी काहीही न करता वेगवान झाली.

भाच्याचंही सांगते. मधल्या काळात एका खरेदीसाठी त्याचा नंबर वापरून पाहिला. तो पुण्यात, हिंजवडीला. मी इकडे बटण दाबायचं, लँडलाइनवरून त्याला फोन लावायचा, २०२१ पासून मोबाइलला आधी शून्य लावावं लागतं ते लावायचं, तो मीटिंगमध्ये. दहा मिनिटांनी त्याचा फोन: ‘मावशी, ओटीपी आलाय, पण आता गेला तो. परत पाठव.’ तिसऱ्या खेपेला त्याने गाडी चालवताना आकडे वाचले, तेव्हा मी हा प्रकार बंद केला. ओटीपी येणं न येणं दूर राहिलं, त्याच्या आईला मी काय तोंड दाखवणार होते?

प्राप्तिकराच्या बाबतीत कागदाचा रस्ता अजून उघडा आहे, आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी तो नीट सांगते. विवरणपत्र ऑनलाइन भरल्यावर ते आपणच भरलंय याची पडताळणी करावी लागते. बहुतेक लोक आधारच्या ओटीपीने करतात. बँकेच्या एटीएमवरून पडताळणीचा कोड मागवायचीही एक सोय आहे. मला वाटलं, वा, कार्ड आहे आपल्याकडे. पण एटीएमवर मागवलेला तो कोड येतो पुन्हा मोबाइलवरच. डिजिटल स्वाक्षरीचं यूएसबी टोकन चालतं, पण ते मिळवतानाही मोबाइलची पडताळणी. उरतं ते आयटीआर-व्ही: एक पानी पोचपावती. ती छापायची, निळ्या शाईने सही करायची आणि बंगळूरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला पाठवायची, पिनकोड ५६०५००. पूर्वी यासाठी १२० दिवस मिळायचे. १ ऑगस्ट २०२२ नंतर भरलेल्या विवरणपत्रांना ३० दिवसच. म्हणून मी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी पोस्ट गाठते. ए-४ आकाराचं पाकीट, म्हणजे पानाला घडी नको. पोचलं की ईमेल येते. आजवर एकदाही गहाळ झालेलं नाही.

यातली एक गोष्ट मात्र खटकते. पोर्टलवरच्या माझ्या खात्यात नंबर आहे करसल्लागारांचा. त्यांच्या कपाटातल्या त्या एका हँडसेटवर साताऱ्यातल्या निम्म्या पेन्शनरांचे ओटीपी येत असावेत. माणूस सज्जन आहे, प्रश्न तो नाही. पण माझ्या कराच्या खात्याचं कुलूप त्यांच्या कपाटात असणं, याला सुरक्षा म्हणायचं का?

पोस्टाच्या खिडकीवरही आता पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मोबाइल विचारतात. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि त्याच सुमारास स्पीड पोस्टाला ओटीपी सांगूनच पाकीट ताब्यात द्यायची सोयही आली, ५ रुपये अधिक जीएसटी देऊन. ती ऐच्छिक आहे, हे नशीब.

गॅसचंही तसंच, सिलिंडर घेताना चार आकडी कोड सांगावा लागतो. आमच्याकडे येणारा माणूस पंधरा वर्षं तोच आहे, त्याने एजन्सीत जाऊन काहीतरी जमवून आणलं. काय, ते मी विचारलं नाही.

रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढायचा नाद सोडला. खिडकीवर साधं आरक्षण मिळतं. तत्काळ मात्र दोन्हीकडून बंद झाल्यात जमा आहे: १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधारची पडताळणी लागते, आणि खिडकीवरच्या तत्काळलाही ओटीपी लागेल, असं रेल्वेने त्याच वेळी जाहीर केलं. तसंही आमचं स्टेशन माहुलीला, गावाबाहेर. पुण्याला जायचं तर मी एसटीने जाते. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आईला पंचाहत्तरीच्या पुढची म्हणून आधार कार्ड दाखवून फुकट. कंडक्टर कार्ड बघतो, आईचा चेहरा बघतो, शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. ओळख पटवण्याची ही पद्धत मला आजही सगळ्यात पक्की वाटते.

आईच्या हयातीच्या दाखल्यालाही तीच कामी आली. तिला वडिलांमागे कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळतं. दर नोव्हेंबरला ती जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ आहे, घरबसल्या बोटांच्या ठशावर होतं म्हणतात. आम्ही केंद्रात जाऊन पाहिलं. मोबाइल नंबरवर गाडी अडली. तिथल्या मुलाने आपला नंबर घालून ती पुढे ढकलली, तर आईचे ठसे लागेनात. आयुष्यभर भांडी घासून, भाकऱ्या थापून बोटं गुळगुळीत झालेली. त्याने तिचा अंगठा ओल्या रुमालाने पुसला, दाबला, दुसरं बोट घेतलं, पुन्हा पुसलं. आई मुकाट्याने एकेक बोट पुढे करत होती. शेवटी ती म्हणाली, ‘बाळा, राहू दे, मी बँकेतच जाते.’ बँकेत कोषागाराकडून आलेली यादी असते. नावासमोर सही करायची, बस. आईने सही केली, शिपायाने चहा विचारला. दहा मिनिटांत ती पुन्हा वर्षभरासाठी जिवंत.

२०२५ च्या पावसाळ्याच्या शेवटी अशाच एका सेवा केंद्रात मी आईच्या एका दाखल्यासाठी बसले होते. लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी तेव्हा नुकतं सुरू झालं होतं. महिन्याला १५०० रुपये चालू राहायचे तर बाईच्या आधारचा ओटीपी हवा, आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. माझ्याशेजारी जावळी खोऱ्यातून आलेल्या एक बाई होत्या. नवरा मुंबईला माथाडी कामगार, मसजिद बंदरला. केंद्रातल्या पोराने बटण दाबलं आणि त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

‘अहो, आकडे आलेत का बघा. सहा आकडे.’

पलीकडे गाड्यांचा गोंगाट. ‘कुठं बघू?’

‘मेसेजात हो, मेसेजात.’

‘मग फोन ठेवतेस का? फोनवर बोलत मेसेज कसा बघू?’

त्यांनी फोन ठेवला. आता तो परत कधी करणार? आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो. आम्ही सगळे, ओळखपाळख नसलेल्या बायका, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. आला फोन. पोराने आकडे टिपले, काम झालं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. त्यांच्या मागची बाई मात्र तशीच परत गेली. तिच्या आधारला जोडलेला नंबर जुना, रिचार्ज न केल्याने केव्हाच बंद पडलेला. तीन महिने वापर नसला की नंबर बंद होतो आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो. तिचा ओटीपी आता कुठल्या गावच्या कोणाच्या खिशात वाजत असेल, कोण जाणे.

त्या दिवशी माझी तक्रार मला जरा चैनीची वाटली. मी मोबाइल ‘नको’ म्हणून सोडलाय. या बायकांपैकी कित्येकींकडे घरात मिळून एक फोन, तोही नवऱ्याच्या किंवा पोराच्या ताब्यात. मला कीपासएक्ससी उतरवून घेता येतं, त्यांना कोण सांगणार? पण अडचण दोघींचीही एकच: नंबर म्हणजेच माणूस, असं धरून चालायचं, आणि तो नंबर भलत्याच माणसाच्या हातात असला तरी हिशेब जुळला म्हणायचं.

गेल्या वर्षी मी सुरक्षा किल्ली घेतली. एक नव्हे, दोन, कारण एक हरवली तर? दिसायला छोट्या पेनड्राइव्हसारखी, वर सोनेरी ठिपका. संगणकाला लावायची, पान विचारेल तेव्हा ठिपक्याला बोट टेकवायचं. आकडे नाहीत, वाट बघणं नाही. हिची खुबी अशी की ती आधी पानाचा पत्ता तपासते. हुबेहूब दिसणारं खोटं पान असलं तर किल्ली उत्तरच देत नाही. मी फसले तरी ती फसत नाही. सहा आकडी कोड, मग तो एसएमएसचा असो की माझ्या कीपासएक्ससीचा, खोट्या पानावर टाइप केला की गेला. किमतीने हात पोळतो, हे खरं. शिवाय ती मागवतानाही कुरियरवाल्यांना मोबाइल नंबर हवाच होता, म्हणून एका प्रकाशकाच्या कार्यालयाच्या पत्त्यावर, त्यांच्या नंबरवर मागवली. ईमेलला ती लगेच जोडली गेली. माझ्या परिचयातल्या एकाही बँकेच्या शाखेत अशी किल्ली चालत नाही. विचारलं की ‘पेनड्राइव्ह लावायला बंदी आहे’ असं उत्तर मिळतं.

आता थोडी फट दिसते आहे. कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरी तपासणी लावायची सक्ती रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून केली, आणि आपल्याकडे ती एसएमएसच्या ओटीपीनेच रुजली. २५ सप्टेंबर २०२५ ला मात्र तिने नवे निर्देश काढले, १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारे. तपासणी दोन घटकांची हवीच, पण दुसरा घटक एसएमएसच असला पाहिजे असं नाही. हार्डवेअर टोकनसारखी वस्तूही त्यात बसू शकते. भाचा म्हणतो, ‘मावशी, बँका ॲप काढतील, ते चालायला पुन्हा फोनच.’ बरोबर असेल त्याचं. काढावंच ॲप. पण ज्याला ॲप नको त्याला टोकन विकत द्यायला काय हरकत आहे? मी पैसे मोजायला तयार आहे.

तेच मी शाखेला लेखी दिलंय. एक पानी अर्ज: माझ्या कार्डावर आणि नेटबँकिंगवर दुसरा घटक म्हणून हार्डवेअर टोकन मिळेल का, किंमत किती, आणि व्यवहारांची सूचना ईमेलवर घेऊन २०१७ च्या अटीतून वाट निघते का. साहेबांनी वाचला, ‘असं पहिल्यांदाच कोणी विचारतंय’ म्हणाले आणि वर पाठवतो म्हणाले. दुसऱ्या प्रतीवर मी शिक्का आणि तारीख मारून घेतली आहे. उत्तर पोस्टाने द्या, असं अर्जातच लिहिलंय. तोवर पुस्तकं चेकने मागवते.